भारोभार गूळ

सेलूच्या फलाटावर मायने मला निरोप दिला तो तळहाताने. गाडीला अवकाश होता. दादा सामानाजवळ उकिडवे बसून रुळांकडे पाहत होते आणि सुधीर, ज्याच्याशी माझे नुकतेच लग्न झाले होते, पाण्याची बाटली आणायला गेला होता. माय माझ्या मागे येऊन उभी राहिली. कमरेच्या थोडे वर, कण्याच्या दोन्ही बाजूंना तिने अंगठा आणि बोटे रोवली आणि दाबून पाहिले. आमच्या घरी मेंढरे होती. दाट लोकरीखाली जनावर भरलेले आहे की खंगलेले, हे डोळ्यांना कळत नाही; पाठ दाबूनच ओळखावे लागते. मायचा हात त्यासाठी आसपासच्या गावांत प्रसिद्ध होता. वालूरच्या बाजारात मेंढरू घेण्याआधी लोक तिला पुढे करीत. तोच हात, लोकरीचा तेलकट, उन्हाळी वास येणारा, माझ्या नव्या पोलक्यावरून फिरला, थांबला, आणि ती समाधानाने म्हणाली, "आता कणा लागंना. अशीच ऱ्हा."

गावी राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्याच पिशव्या उचलून पुण्या-मुंबईकडे निघून आलेल्या बायांनो, हे मी तुम्हाला उद्देशून लिहिते आहे, आणि गोड स्वरात लिहिणार नाही हे आधीच सांगते. शरीराच्या वजनावरून माझ्याशी जेवढे लोक बोलले तेवढे माझ्या कवितेवरून, शिक्षणावरून, सुखदुःखावरून कधी बोलले नाहीत. आता थोडे मी बोलते.

मायचा हात एवढा धास्तावलेला का होता, ते सांगायला हवे. जन्मले तेव्हा मी मुठीत मावेन इतकी होते, आणि पुढेही कितीतरी काळ अंगाला काही लागेना. सुईणीने मान हलवली होती. चरायच्या रानाकडे जाणाऱ्या वाटेवर चिंचेखाली एका पीराचा चौथरा आहे. आमची मेंढरे रोज त्याच्या बाजूने जात. मायने एका सकाळी मला त्या चौथऱ्यावर ठेवले आणि नवस बोलली: पोरीच्या अंगावर मांस चढू दे, भरल्या अंगाची होऊ दे, तिच्या भारोभार गूळ वाहीन. मी जगले. अंगावर मांसही चढले. नवस मात्र राहून गेला. कधी पाऊस कमी, कधी भावाची परीक्षा, कधी माझे लग्न. पीर कुठे पळून जाणार आहे, असे दादा म्हणत.

पुण्यात आले आणि मी भरत गेले. हडपसरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मातीचा वास नव्हता, पाय टाकायला रान नव्हते. महाविद्यालयात तासामागून तास उभे राहून मराठी शिकवायचे, मग बसमध्ये अंग चोरून उभे राहायचे, घरी आले की जमिनीला खिळल्यासारखे बसायचे. चहासोबत काहीतरी, वाचनासोबत काहीतरी, एकटेपणासोबत तर हमखास काहीतरी. त्यात दर पंधरवड्याला परभणीहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडून मायचा डबा यायचा: तूप, शेंगदाण्याचे लाडू, तिळाची पोळी. पहाटे स्वारगेटजवळ तो डबा हातात घेतला की झाकणाच्या फटीतून घराचा वास यायचा, आणि तो वास मी रिकामा परत जाऊ देत नसे.

वजन वाढले तसे सल्ले वाढले. पुण्यात पाणी दिवसाआड येते, सल्ला चोवीस तास येतो. जिऱ्याचे पाणी घ्या. दुधीचा रस घ्या. भात सोडा. संध्याकाळनंतर चूल पाहू नका. साडीच्या दुकानातला माणूस मला पाहताच रंग न विचारता गडद साड्यांचा गठ्ठा काढी. शिक्षक कक्षातल्या एका बाईंनी तर मला 'सुदृढ' म्हणताना असा स्वर लावला की तो शब्द वर्गात शिकवताना पुढे कित्येक दिवस माझ्या जिभेला कडू लागला. रिक्षावाल्यापासून नणंदेपर्यंत प्रत्येकाला ठाऊक होते की मी अति खाते आणि आळशी आहे. गुडघे दुखत होते, पाळी बेभरवशाची झाली होती, रक्तातली साखर वरच्या काठाशी येऊन टेकली होती. पण सर्दी घेऊन गेले तरी डॉक्टर म्हणत, आधी वजन कमी करा. कसे, हे कोणी सांगत नसे. जणू मी ते घरी विसरून आले होते आणि परत जाऊन आणायचे तेवढे बाकी होते.

मग एकीने नाव सुचवले म्हणून मी एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांच्या खोलीतल्या खुर्च्यांना हात नव्हते. तुम्ही सडपातळ असाल तर ही गोष्ट तुमच्या लक्षातही येणार नाही. ज्यांना खुर्चीच्या दोन हातांच्या मध्ये स्वतःला कोंबावे लागते आणि उठताना खुर्चीही सोबत उठेल की काय या भीतीने घाम फुटतो, त्यांना ती खोली पाहूनच रडू येईल. बाई म्हणाल्या, "बसा." मग विचारले, "वजनाविषयी बोललो तर चालेल का तुम्हाला?" मला कोणी परवानगी विचारली होती! वजनाचे यंत्र पडद्याआड होते. त्यांनी सांगितले की हा दीर्घकाळ सोबत राहणारा आजार आहे, रक्तदाबासारखा. भूक, झोप, संप्रेरके, आनुवंशिकता, राहणीमान अशा अनेक दोऱ्यांनी विणलेला. तो इच्छाशक्तीच्या उण्यापुऱ्याचा हिशेब नव्हे. कोणता दोरा कुठून सोडवायचा ते आपण मिळून पाहू, आणि सावकाश पाहू. मी जे खात होते तेच त्यांनी उलटसुलट करून मांडले. जेवणात डाळ आणि भाज्या वाढवल्या, झोपेची वेळ ठरवली, चालणे आणि स्नायू बळकट करणारे व्यायाम दिले, गोळ्या दिल्या, आणि दर महिन्याला बोलावले. घरी आल्यावर मी मायला फोन करून सगळे सांगितले. ती ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "तिनं तुला बसा म्हनलं?" मला वाटले, बाकीचे तिला कळले नसावे.

वजन उतरू लागले, घाई न करता, जसे कढत दूध निवते तसे. जिना चढताना मागे राहणारा माझा श्वास आता माझ्याबरोबर वर पोहोचू लागला. पाळी वेळेवर आली. आणि इथूनच दुसरा वैताग सुरू झाला, कारण फोनच्या पडद्यावर माझा चेहरा पाहून गावाकडे हाहाकार उडाला.

"लय वाळलीस गं, नंदे. खायला घालायलेत का न्हाई?"

मी समजावले. पुन्हा समजावले. औषध चालू आहे, ठरवून कमी करते आहे, साखर खाली आली आहे. ठरवून कोणी वाळते, ही कल्पनाच तिथे कोणाला पटेना. आमच्याकडे माणूस वाळतो तो दुखण्याने, दुष्काळाने किंवा सासरने. दुखणे मी नाकारले, दुष्काळ हडपसरला असण्याचे कारण नव्हते, तेव्हा उरले सासर. दादांनी सुधीरला फोन करून अत्यंत अदबीने विचारले की गावाकडून ज्वारीचे पोते पाठवले तर चालेल का, काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा. बिचाऱ्या सुधीरने दोन दिवस माझ्यासमोर जेवताना ताटात पाहणे सोडून माझ्याकडेच पाहिले. "तू निदान त्यांना सांग की मी तुझ्याआधी जेवत नाही," तो म्हणाला.

दिवाळीला सुधीर आणि मी गावी गेलो. उंबऱ्यात पाऊल टाकले न टाकले तोच मायचा हात पाठीवर. दाबला. आणि तापलेल्या तव्याला लागावा तसा मागे घेतला. ती मटकन ओसरीवर बसली. मला वाटले, आता पुन्हा सासरचा उद्धार होणार. पण ती वेगळेच बोलली.

"पीर वापस घ्यायलाय."

दिलेले मांस पीर परत घेतो आहे, कारण गूळ वाहिलेला नाही. माझे दीड वर्षाचे पथ्य, डॉक्टरबाईंची चिकाटी, पहाटेचे चालणे, हे सगळे तिने एका वाक्यात पीराच्या नावावर करून टाकले. मी एवढी चिडले की हसूही आले नाही. पिशवीतून रक्ताच्या तपासणीचे कागद काढून दाखवले. तिने ते हातात न घेताच चुलीपासून दूर ठेवायला सांगितले.

चिडण्याचे खरे कारण मात्र तेवढेच नव्हते. माझ्या कण्याची चिंता करणारी ती बाई स्वतः कशी झाली होती, हे मी त्या दिवशी नीट पाहिले. मी लहान होते तेव्हा माय दिवसभर मेंढरांमागे असायची. खांद्यावर काठी, पदरात भाकरी आणि ठेचा, उन्हाने रापलेल्या पिंढऱ्या. ती चालायची तेव्हा तिच्या जोडव्यांचा आवाज रानभर पुढे धावत असे. मग भाऊ कर्ता झाला. त्याने मेंढरे विकली, ज्वारीच्या रानात सोयाबीन पेरले. शेतीच्या हिशेबात त्याचे चुकले नव्हते. पण मेंढरांसोबत मायचे चालणेही विकले गेले, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. ताटात भाकरीऐवजी रेशनच्या गव्हाची पोळी आणि भात आला, पिशवीतले तेल आले, चहाबरोबर पुड्यातली बिस्किटे आली. भूक तीच राहिली, दिवसभराच्या रानाची. रान तेवढे गेले.

आता ती ओसरीची पायरी चढताना खांबाला धरते. दुपारी आडवी झाली की घोरते, आणि घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो. मी शेजारी बसून त्या शांततेत कान देऊन ऐकत होते. जात्यात खडा अडकावा तसे काहीतरी अडकायचे, आणि मग एकदम हिसका देऊन श्वास परत यायचा. वहिनी निवांत म्हणाली, "रोजचंच हाय ताई." रोजचेच आहे, म्हणून तर भीती वाटली. झोपेत असा श्वास तुटतो तेव्हा हृदयावर काय ताण येतो, हे मला डॉक्टरबाईंकडे बसून बसून कळले होते. तिला डॉक्टरकडे नेणे भाग होते, आणि लवकर.

ती नाही म्हणाली. का, हे तिने सांगितले नाही; वहिनीने सांगितले. मागे गुडघ्यांसाठी तिला परभणीला एका दवाखान्यात नेले होते. बाहेरच्या गर्दीतच वजनकाटा ठेवलेला. कंपाउंडर मोठ्याने म्हणाला, "मावशी, दमानं चढा, काटा नवा हाय." बाकावरची माणसे हसली. आत रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला पुरेना. तो फट्‌ करून सुटला तेव्हा पुन्हा कोणीतरी हसले. डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावला नाही. खाणे बंद करा, चालत जा, एवढे सांगून पुढचा माणूस बोलावला. उठताना माय खुर्चीत अडकली आणि भावाने तिला ओढून काढले. त्या दिवसापासून तिने दवाखान्याची पायरी चढलेली नाही. गावात तपासणीचे शिबिर आले तेव्हा अंगणात सगळ्यांदेखत कमरेला टेप लावताना पाहून ती मागच्या दाराने गोठ्यात गेली आणि शिबिर उठेपर्यंत तिथेच बसून राहिली. भिंतीवरच्या चित्रात एक जाड बाई हातात समोसा घेऊन हसते आहे. खाली लिहिले आहे, वेळीच सावध व्हा. त्या भिंतीवरून माय पदर ओढून जाते. आयुष्यात तिने समोसा किती वेळा खाल्ला असेल?

चालत जा म्हणे. कुठे? रिकाम्या हातांनी, कामाशिवाय, संध्याकाळी रस्त्याने चालणारी बाई आमच्या गावात कोणी पाहिली आहे? चार जण विचारतात, घरी काही झाले का. तिने एकदा प्रयत्न केला होता. रिकामे टोपले डोक्यावर घेऊन निघाली, म्हणजे कामाला निघाल्यासारखे दिसावे. वेशीपर्यंत तीन जणांनी टोपल्यात डोकावून पाहिले. दुसऱ्या दिवशी टोपले खुंटीला.

माझे आणि तिचे भांडण झाले. मी म्हणाले, मी तुझा नवस फेडते, तू परभणीला चल. ती म्हणाली, आधी नवस. मी म्हणाले, मग परभणी? ती म्हणाली, "बघू." मराठवाड्यातल्या आयांचा हा 'बघू' एकदा उच्चारला गेला की पुढे सरकारसुद्धा काही करू शकत नाही.

गूळ आला. वालूरच्या आडतीवरून दांडीचा जुना काटा आला, ज्याच्या एका पारड्यात माणूस सहज बसेल. काटा चिंचेच्या जाड फांदीला टांगला. चौथऱ्याची देखभाल करणाऱ्या आपा, मायच्याच वयाच्या, उदबत्ती लावून बाजूला बसल्या. लहानपणी मेंढरांमागे जाताना त्या मला चिमूटभर साखर देत. आता त्यांनाही साखरेच्या गोळ्या चालू होत्या. सबंध गावाला मधुमेह ग्रासतो आहे आणि आपण भारोभार गूळ वाटायला निघालो आहोत, हे मी मनात बोलले, आणि ते तोंडावर दिसले असावे, कारण दादांनी मला हळूच म्हटले, "आज नको."

मी पारड्यात बसले. समोरच्या पारड्यात भावाने ढेपा रचल्या. ताज्या गुळाचा उबदार, किंचित धुरकट वास सगळीकडे भरून गेला. मुंग्यांना आमच्याआधी बातमी लागली होती. सगळा गूळ चढला आणि गुळाचे पारडे धप्पकन जमिनीला टेकले. मी वर, पाय लोंबकळत, लहान मुलासारखी.

मायने गूळ मागवला होता तो माझ्या जुन्या वजनाचा. आजारापूर्वीची, म्हणजे तिच्या मते आजारापूर्वीची, भरलेली मी तिच्या हाताला पक्की आठवत होती. पीराला शब्द दिला तो भरल्या अंगाचा, वाळलेल्याचा नव्हे, असा तिचा सरळ विचार होता. पण काटा सम झाल्याशिवाय नवस फिटत नाही, आणि पीराच्या नावाने पारड्यात चढवलेला गूळ उतरवत नाहीत. खोळंबा झाला. कोणी म्हणाले, बाईच्या मांडीवर दगड द्या. भाऊ म्हणाला, सुधीररावांना बसवा, त्यांच्यामुळेच कमी झाली. सुधीर चिंचेच्या खोडाआड सरकला. माय माझ्या लोंबकळत्या पायांकडे पाहत होती. उणे तिला दिसत होते. लेकीचे उणे, जमिनीपासून वर टांगलेले.

आपा उठल्या. "मन्नत कौन मांगे थे? तुमीच ना? फिर तुमीच बैठो."

माय सगळ्यांकडे पाहत राहिली. काटा, आणि भोवती माणसे. मला वाटले, आता ती निघून जाईल. पण समोर ढेपा होत्या, हळदीकुंकू होते, नारळ होता. हसत कोणीच नव्हते. बायांनी आपसूक पदर सावरले होते, देवाच्या कामाला सावरतात तसे. मी उतरले. दोघींनी तिला धरून पारड्यात बसवले. साखळ्या करकरल्या, गूळ उचलला गेला, माय खाली आली, पुन्हा वर गेली, आणि दांडी डोलत डोलत आडवी झाली. गुळाच्या बाजूला एक नारळ ठेवावा लागला, तेवढाच. तिचे पाय जमिनीपासून सुटलेले होते. किती वर्षांनी त्या गुडघ्यांवर कोणाचाच भार नव्हता.

"बरं वाटायलंय," ती म्हणाली. "असंच ऱ्हाऊ द्या थोडं." तेव्हा सगळे हसले, आणि त्या हसण्यात तीही होती.

परतताना ती माझ्या खांद्याला धरून चालत होती, दर थोड्या अंतरावर थांबत. एका ठिकाणी थांबून तिने विचारले, "पुण्यात डागदरनीकडं गेलीस तवा तू एवढीच होतीस ना? गुळाएवढी?"

"हो."

"म्हंजे माज्याएवढी."

"हो, माय."

तिने पदराचे टोक घेतले. तोंडावरचा घाम पुसला.

"तुला तिनं बसा म्हनलं. मंग मला कामून हासले?"

जेवढे वजन माझे, तेवढेच तिचे. माझ्यासाठी हात नसलेली खुर्ची आणि पडदा, तिच्यासाठी भरगर्दीतला काटा. आजार एकच, फक्त गाव वेगळे. आरोग्याची पत्रके छापणाऱ्यांनी, भिंतीवर समोसेवाली बाई काढणाऱ्यांनी, खाणे बंद करा म्हणून पुढचा माणूस बोलावणाऱ्यांनी कधीतरी याचे उत्तर द्यावे. बाई स्वतःच्या पायांनी आली तरच तिचा उपचार होणार, आणि ती येणार कुठे, जिथे तिचे हसे होते तिथे?

त्या क्षणी मात्र मी एवढेच विचारले, "चलशील परभणीला?" या वेळी ती 'बघू' म्हणाली नाही. "तिथं पैले खुर्ची बघून ये," म्हणाली.

मी खरोखरच आधी जाऊन खुर्ची पाहून आले. परभणीत दुसरे एक डॉक्टर शोधले, तरुण, कमी बोलणारे. त्यांना मी विचारलेले प्रश्न ऐकून कोणालाही वाटले असते की मी लग्नाचे कार्यालय ठरवायला आले आहे: खुर्चीला हात आहेत का, वजनाचे यंत्र कुठे ठेवता, रक्तदाबाचा मोठा पट्टा आहे का. पट्टा नव्हता. त्यांनी मागवून घेतला. एवढे सोपे होते ते, आणि एवढ्याचसाठी माझी माय इतकी वर्षे गोठ्यात लपत होती.

आतल्या खोलीत वजनाचे यंत्र होते, काचेचे, सपाट. माय त्यावर उभी राहिली. लाल आकडे उमटले. तिने खाली पाहिले, मग डावीकडे, उजवीकडे.

"ह्याला दुसरं पारडं न्हाई?"

"नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले.

"मंग कशाच्या भारोभार मोजता?"

डॉक्टरांनी तो प्रश्न हसून टाळला नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. "बसा," ते म्हणाले, "सांगतो." माय बसली, हात नसलेल्या खुर्चीत, आणि बसल्यावर तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू तिला काहीतरी परत मिळाले होते.

सगळे आलबेल झाले असे लिहिण्याचा मोह मी आवरते. श्वासाच्या तपासणीसाठी नांदेडला जावे लागले, आणि आता झोपताना नाकाला लावायचे यंत्र पाहून ती म्हणते की मला हत्ती केलेत. गोळ्या ती घेते, पण भगर आणि साबुदाण्याच्या उपवासावर कोणाचे ऐकत नाही. वजन थोडे उतरते, थोडे चढते. माझेही चढते, डॉक्टरबाई म्हणतात, असे होते, यायचे मात्र थांबवू नका. आणि तुपाचा डबा स्वारगेटला अजून येतो. मी फोनवर ओरडते, ती म्हणते, तुझ्यासाठी नाही, जावयासाठी आहे. सुधीरच्या पोटाकडे पाहता हे वाक्यही फार दिवस चालणार नाही.

चालण्याचा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. डॉक्टरांनी चालायला सांगितले तेव्हा तिने भावाकडे बूट मागितले नाहीत. दोन कोकरे मागितली. "मागं-म्होरं काई असल्याबिगर बाई कशी चालंल?" आता ती रोज सकाळी काठी घेऊन त्या दोघांच्या मागे पीराच्या चौथऱ्यापर्यंत जाते. कोणी डोकावून पाहत नाही, कोणी विचारत नाही. आपा तिथे असतात. दोघी कोणाची साखर किती यावर वाद घालतात. भाऊ म्हणतो, ही कोकरे चरत कमी आणि चालत जास्त आहेत.

पुण्यात माझ्याकडेही एक सपाट यंत्र आहे. महिन्यातून एकदा मी त्यावर उभी राहते, आकडा पाहते, उतरते. तो आकडा मला हवा आहे, त्याची मला गरज आहे. पण त्यावर उभी राहिले की मायचा प्रश्न आठवतो. शहराने मला मोजायला शिकवले, आणि खरे मोजायला शिकवले. घर म्हणजे मला आता एवढेच वाटते: जिथे मोजताना पलीकडच्या पारड्यात कोणीतरी आपल्यासाठी काही ठेवते. मग ते कितीही चुकीचे असो, कितीही वैताग आणणारे असो, गुळाचेच का असेना.

या वेळी निघताना माय सेलूपर्यंत आली. पायऱ्या कठडा धरून चढली, पण चढली. गाडी यायच्या आधी तिचा हात सवयीने माझ्या पाठीवर आला. कणा लागला. हात थांबला, पण मागे गेला नाही. मग काय वाटले कोण जाणे, मीही तिच्यामागे जाऊन कमरेच्या थोडे वर अंगठा आणि बोटे रोवली आणि डोळे मिटून, तिच्यासारखेच, दाबून पाहिले. उबदार, घामेजलेले, लोकरीच्या वासाचे अंग. मला काहीच कळले नाही.

"काय लागलं?" तिने विचारले.

"कळंना, माय."

"हात कच्चा हाय तुजा," ती म्हणाली. "येत जा. जमंल."

आणि गाडी हलण्याआधीच पाठ वळवून निघाली. घरी कोकरे उपाशी होती.